हे खरं घडलंय का, बाई?

वाचनालयाच्या देवघेव विभागात बसणाऱ्याला दोन प्रश्न रोज ऐकावे लागतात. पहिला, "नवीन काय आलंय?" दुसरा पुस्तक परत करताना, "बाई, हे खरं घडलंय का?" सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, सार्वजनिक वाचनालयात, माझ्या नोकरीची सगळी वर्षं गेली. हल्लीची मुलं हाच प्रश्न "मॅम, हे फिक्शन आहे का नॉन-फिक्शन?" असा विचारतात. जुने सभासद "कथा-कादंबरी द्या" किंवा "काहीतरी वैचारिक द्या" म्हणायचे. सगळ्यांना जाणून घ्यायचं असतं ते एकच: या पानांवर जे लिहिलंय त्यावर मी किती विसंबू? वाचकाने विचारावा असा हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, असं मी मानते. त्याची उत्तरं शोधता शोधता जे हाती लागलं ते इथे मांडते.

१. रचलेलं म्हणजे खोटं नव्हे

आपल्या रोजच्या बोलण्यात रचलेल्या गोष्टीला मान नाही. "नाटकं करू नकोस", "स्टोरी सांगू नकोस", "पुराण लावू नकोस", "सगळं फिल्मी आहे". वकिलाच्या नोटिशीला उत्तर देताना तर ठरलेला मजकूर असतो: सदर आरोप खोटे व कपोलकल्पित आहेत. 'खोटे' आणि 'कल्पित' हे शब्द जोडीने वापरून वापरून दोन्हींचा अर्थ एकच, अशी लोकांची समजूत झाली आहे.

थाप मारणाऱ्याला ती खरी मानली जावी असं वाटत असतं, आणि उघडकीला आली की थापेचं काहीच उरत नाही. कादंबरी मुखपृष्ठावरच आपली ओळख सांगून येते. पु. ल. देशपांड्यांच्या बटाट्याच्या चाळीचा पत्ता गिरगावात सापडला नाही म्हणून ते पुस्तक फसवणूक ठरवून कुणी माझ्या टेबलावर आणून टाकलेलं नाही. एक निवृत्त तलाठी आमचे सभासद होते. "कल्पनेतलं वाचण्यात वेळ घालवायचा नाही," असा त्यांचा नेम. फक्त चरित्रं आणि आत्मचरित्रं न्यायचे. मी त्यांना इतकंच म्हणायचे, "अण्णा, आत्मचरित्रातही माणूस काय सांगायचं आणि काय राखायचं ते ठरवूनच बसतो." त्यांना ते कधी पटलं नाही. मला आजही पटतं.

२. देवाच्या नावचा सातबारा

कल्पनेशिवाय व्यवहार चालतो असं म्हणणाऱ्याने देवस्थान इनामाच्या जमिनीचा सातबारा पाहावा. तिथे मालक म्हणून चक्क देवाचं नाव असतं. कायदा मूर्तीला व्यक्ती मानतो, कंपनीला व्यक्ती मानतो, आणि १९५६ च्या दत्तक कायद्याने दत्तक मूल हे त्या घरात जन्मल्यासारखंच मानलं जातं. मुंबई-पुण्याच्या गृहनिर्माण संस्थांमधले लोक 'मानीव अभिहस्तांतरण' हे अवघड शब्द तोंडपाठ म्हणतात. बिल्डरने जमीन संस्थेच्या नावे करून दिली नाही, तरी ती दिली असं मानायचं, असा त्याचा अर्थ. यात कुणी कुणाला फसवत नाही. न्याय करता यावा म्हणून सगळ्यांनी मिळून एक गोष्ट मानलेली असते. कादंबरी वाचताना वाचक आणि लेखक जे करतात ते याच जातीचं आहे, असं मला वाटतं.

३. लोकांना संवाद पाठ होतात, पत्रं पाठ होत नाहीत

शिवजयंतीच्या आधी वाचनालयात वक्तृत्व स्पर्धेची मुलं येतात. दरवर्षी. अकरावीतली एक मुलगी भाषण लिहून घेऊन आली होती. त्यात महाराजांच्या तोंडी एक लांबलचक, डोळ्यांत पाणी आणणारं वाक्य होतं. "हे कुठून घेतलंस गं?" विचारलं तर म्हणाली, "महाराजांनी स्वतःच म्हटलंय की, बाई." ते वाक्य एका गाजलेल्या कादंबरीतलं होतं. तिच्या शिक्षकांनीही ते तसंच, महाराजांचे उद्गार म्हणून, फळ्यावर लिहून दिलं होतं.

मी तिला कपाटातून पत्रांचा खंड काढून दिला आणि एक पत्र समोर ठेवलं. मे महिन्यातलं, चिपळूणजवळ पावसाळ्यासाठी छावणी केलेल्या फौजेच्या अंमलदारांना लिहिलेलं. भाषा जुनी, म्हणून दोघींनी बोट ठेवून वाचलं. दाणागोटा आणि वैरण आत्ताच उधळलीत तर भर पावसाळ्यात काय कराल? घोडी मरतील. मग कुणब्यांकडे जाल; कुणी दाणे आणील, कुणी भाकर, कुणी गवत, कुणी लाकूडफाटा, कुणी भाजीपाला. बिचारे जीव धरून राहिलेले कुणबी मग गाव सोडून जातील, आणि मोगलांपेक्षा तुम्हीच वाईट असं त्यांना वाटेल. पुढे तर आणखी बारीक गोष्ट: रात्री दिवा जळता ठेवून झोपाल, उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताच्या गंजीला आग लागेल आणि सगळी वैरण जळून जाईल.

मुलगी त्या उंदरापाशी थांबली. "राजा असून त्यांनी उंदराचा विचार केला?" तिचं भाषण त्यावर उभं राहिलं.

कादंबरीकाराने लिहिलेलं वाक्य वाईट होतं असं मी म्हणत नाही. ते सुंदरच होतं. पण ते कादंबरीकाराचं होतं, आणि त्याचं श्रेय त्यालाच मिळायला हवं. संवाद महाराजांच्या नावावर जमा केला की दोघांवरही अन्याय होतो: लेखकाची कारागिरी दिसेनाशी होते, आणि ज्याच्या लेखणीत पेटत्या वातीपर्यंतची काळजी होती तो माणूस टाळ्यांच्या वाक्यांमागे झाकला जातो. रणजित देसाईंच्या 'श्रीमान योगी'ला नरहर कुरुंदकरांची मोठी पत्ररूप प्रस्तावना आहे. इतिहासातला शिवाजी कसा समजून घ्यायचा याचा तो स्वतंत्र धडा आहे, आणि तो कादंबरीच्याच पुठ्ठ्यांत बांधलेला आहे. आमच्या प्रतीत कादंबरीची पानं मऊ पडली आहेत, प्रस्तावनेची अजून कोरी आहेत. प्रस्तावना आधी वाचा, असं मी प्रत्येकाला सांगते.

४. वृषाली कुठून आली?

पुराणातल्या माणसांचं प्रकरण त्याहून नाजूक. एक आजी नातीला घेऊन आल्या. नातीचं नाव वृषाली, "कर्णाच्या बायकोचं ठेवलंय." शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' १९६७ साली आली आणि तिने कर्णाला मराठी घराघरात नेलं. कर्णाची घुसमट, त्याचं घर, त्याची वृषाली ही सगळी माणसं वाचकांना आपल्या नात्यातली वाटू लागली. महाभारतात युद्धानंतरच्या स्त्रीपर्वात कर्णाची पत्नी रणांगणावर आक्रोश करताना दिसते, पण तिचं नाव तिथे येत नाही. काही ओळींत विलाप करून जाणाऱ्या बाईला नाव, घर आणि मन मिळालं, ते कादंबरीकारामुळे. आजींना मी हे सांगितलं तेव्हा त्या जरा गप्प झाल्या आणि मग म्हणाल्या, "म्हणजे सावंतांनी बारसं केलं तिचं." याहून नेमकं मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

दुसरं उदाहरण स्वयंवराचं. सूतपुत्राला वरणार नाही असं म्हणून द्रौपदीने भर सभेत कर्णाला नाकारलं, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं आणि १९६६ मध्ये पूर्ण केलं. त्यासाठी १२५९ हस्तलिखितं पाहिली. त्या आवृत्तीच्या मुख्य संहितेत द्रौपदीचा हा नकार नाही. मोजक्याच पोथ्यांत असल्यामुळे तो मुख्य संहितेबाहेर गेला. हे सांगितलं की लोक रागावतात. त्यांच्या मनातलं महाभारत त्या एका वाक्यावर तोललेलं असतं.

इरावती कर्व्यांचं 'युगान्त'ही १९६७ चंच. एकीकडे संहितेला धरून प्रश्न विचारणारं पुस्तक, दुसरीकडे संहितेतल्या मोकळ्या जागा भरणारी कादंबरी. मराठी वाचकाला एका वर्षात केवढं मिळालं होतं! ज्यांनी दोन्ही वाचली त्यांच्याशी कर्णाबद्दल बोलायला बसलं की तास कसा जातो कळत नाही. ज्यांनी एकच वाचलं ते बहुतेक वेळा भांडतात.

५. 'श्यामची आई' कुठल्या कपाटात?

आमच्या दशांश वर्गीकरणात मराठी कादंबरीला ८९१.४६३ आणि महाराष्ट्राच्या इतिहासाला ९५४.७९२. आकडे स्वच्छ आहेत, पुस्तकं तशी नसतात. साने गुरुजींनी 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये लिहिली, पुस्तक १९३५ साली आलं. श्याम म्हणजे गुरुजी हे सगळ्यांना ठाऊक, तरी त्यांनी 'मी' न म्हणता 'श्याम' म्हटलं आणि गोष्ट रात्रींमध्ये वाटून सांगितली. हे आत्मचरित्र की कादंबरी? काही वाचनालयांत ते चरित्रात आहे, काही ठिकाणी कादंबरीत, आणि बालविभागात तर सगळीकडेच. व्यंकटेश माडगूळकरांची 'माणदेशी माणसं' आणि पु. लं.ची 'व्यक्ती आणि वल्ली' ही अशीच दोन्हीकडे पाय ठेवून उभी. नारायण किंवा अंतू बर्वा खरे होते का, असं विचारणाऱ्याला मी उलट विचारते, "तुम्हाला भेटलेत का?" बहुतेकांना भेटलेले असतात.

'कोसला'चं आणखी वेगळं. भालचंद्र नेमाडे मूळचे खानदेशातल्या सांगवीचे, नायक पांडुरंग सांगवीकर. एवढ्या धाग्यावर अनेक वाचक ती लेखकाची रोजनिशी समजून वाचतात आणि शेवटी लेखकाची चौकशी करतात. मला हे बरोबर वाटत नाही. लेखकाने स्वतःच्या आयुष्यातलं सूत घेतलं असेल, पण वीण त्याने ठरवली आहे. पांडुरंगाचं वाचन पांडुरंगासाठीच करावं.

६. 'निव्वळ योगायोग'

"यातील सर्व पात्रे व प्रसंग काल्पनिक असून..." ही ओळ आपण इतक्या वेळा वाचली आहे की तिच्याकडे डोळे थांबत नाहीत. तिच्यामागे एक खटला आहे. रासपुतिनवरचा एक अमेरिकी चित्रपट १९३२ साली आला. त्यातलं एक पात्र म्हणजे मीच, आणि ते मला बदनाम करणारं आहे, असं म्हणत रशियाच्या राजघराण्यातली राजकन्या इरिना युसुपॉव्ह लंडनच्या न्यायालयात गेली आणि १९३४ मध्ये जिंकली. तेव्हापासून निर्माते ही ओळ जपून घालू लागले. म्हणजे ती वाचकासाठी लिहिलेली नाही, वकिलासाठी लिहिलेली आहे. वाचकासाठी काय लिहायला हवं ते शेवटी सांगते.

७. दुखावलेल्याला हसू नये

'घाशीराम कोतवाल' १९७२ च्या डिसेंबरात पुण्यात रंगमंचावर आलं. विजय तेंडुलकरांनी हे ऐतिहासिक नाटक नाही असं स्पष्ट लिहून ठेवलं होतं. घाशीराम होता, १७९१ साली पुण्यात त्याला लोकांनी दगडांनी ठेचून मारलं, हेही खरं. पण तेंडुलकरांना सांगायचं होतं ते सत्ता घाशीरामासारखी माणसं कशी तयार करते ते, आणि ते सांगायला त्यांनी नाना फडणवीस हे नाव घेतलं. नाना ज्यांना राज्य सावरणारा मुत्सद्दी म्हणून प्रिय होते ते लोक उसळले. नाटक मोठं आहे, ते व्हायलाच हवं होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण "अहो, ते फिक्शन आहे, मनावर काय घेता?" असं म्हणून समोरच्याला उडवून लावणं मला कधीच पटलं नाही. खरं नाव घेतलं की खरी माणसं दुखावतात. लेखकाने ती जबाबदारी उचलावी, आणि दुखावलेल्याने उत्तर कागदाने द्यावं. पुण्याच्या उद्यानातला राम गणेश गडकऱ्यांचा पुतळा २०१७ च्या जानेवारीत उखडून नदीत टाकला गेला, 'राजसंन्यास'मधल्या संभाजीराजांच्या चित्रणासाठी. नाटक लिहून शंभर वर्षं होत आली होती, लेखकही १९१९ सालीच गेलेला. ते उत्तर नव्हतं.

कागदाने उत्तर देता येतं, आणि ते दिलं गेलं होतं. संभाजीराजांची बेफिकीर, व्यसनी प्रतिमा नाटक-सिनेमांनी घट्ट केली होती. 'थोरातांची कमळा'वर १९४१ मध्ये चित्रपट निघाला आणि संभाजीराजांशी जोडलेली ती कमळा लोकांनी खरीच धरली. वा. सी. बेंद्रे वर्षानुवर्षं कागद शोधत राहिले, १९६० साली त्यांचं संभाजीचरित्र आलं. मग कमल गोखल्यांचं 'शिवपुत्र संभाजी'. या दोघांनी प्रतिमा पुसून दुसरी उभी केली. पण ती खेड्यापाड्यांत पोचवली कुणी? शिवाजी सावंतांच्या 'छावा'ने, १९७९ मध्ये. एका कल्पनेने केलेलं नुकसान संशोधकांनी निस्तरलं आणि दुसऱ्या कल्पनेने ते घरोघरी नेलं. संशोधक विरुद्ध कादंबरीकार असं भांडण लावणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

त्याच कादंबरीवरून २०२५ च्या फेब्रुवारीत हिंदी चित्रपट आला. नंतर मार्चमध्ये बुऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या परिसरात लोक रात्री बॅटऱ्या घेऊन शेतं खणताहेत अशा बातम्या आल्या. मोगलांचं सोनं सापडेल म्हणून. त्या बातमीवर आमच्या वाचनकक्षात हशा पिकला. मला ते ऐकवलं नाही. ज्याच्या घरात काहीच नाही त्याला पडद्यावरचं सोनं आपल्या शेताखाली असावंसं वाटलं तर त्यात हसण्यासारखं काय आहे? मराठ्यांनी १६८१ मध्ये बुऱ्हाणपूर लुटलं हा इतिहास, जमिनीतलं सोनं ही अफवा, आणि या दोहोंच्या मध्ये चित्रपट. यातलं काय कुठे संपतं हे त्या माणसांना कुणी समजावून सांगितलेलं नव्हतं.

८. दप्तर गप्प असतं तिथे

इतकं सगळं बोलल्यावर कुणाला वाटेल, ग्रंथपाल बाई इतिहासाच्या बाजूच्या आहेत. तसं नाही. माझ्या मते मराठीतलं सगळ्यात खरं पुस्तक एक कादंबरीच आहे.

मराठीतली पहिली कादंबरी म्हणून बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटन'चं नाव घेतलं जातं, साल १८५७. तिच्या नावालाच जोडून पुढे हिंदुस्थानातल्या विधवांच्या स्थितीचं निरूपण असं म्हटलेलं आहे. म्हणजे आपली कादंबरी जन्मली तीच खऱ्या दुःखाची हकीकत सांगायला. पुढे हरि नारायण आपट्यांनी 'करमणूक' सुरू केलं आणि १८९० पासून त्यात 'पण लक्षात कोण घेतो?' क्रमशः येऊ लागली. तिची नायिकाही यमुनाच. तेव्हा संमतिवयाच्या विधेयकावरून पुण्यात रान उठलं होतं. सभा, अर्ज, अग्रलेख, शास्त्राधार. ते सगळे कागद आज उपलब्ध आहेत आणि जवळजवळ सगळे पुरुषांनी लिहिलेले आहेत. जनगणनेत विधवांची संख्या मिळते. पण नवऱ्यामागे ज्या मुलीचं केशवपन बळजबरीने केलं गेलं तिला त्या दिवशी घरात कुणाकडे बघावंसं वाटलं, कुणाकडे बघवेना, हे कुठल्याही दप्तरात नाही. ते आपट्यांनी रचलं. पुरुष असून तिच्या तोंडून, 'मी' म्हणत.

आमच्याकडे एक आजी ही कादंबरी पुन्हा पुन्हा नेत. त्यांची आत्या बालविधवा होती, लाल आलवणात स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसलेली त्यांनी लहानपणी पाहिली होती. आत्या स्वतःबद्दल कधी अवाक्षर बोलली नव्हती. एकदा पुस्तक परत करताना आजींनी शंकरमामंजींचं नाव घेतलं आणि म्हणाल्या, "आमच्याकडे तो आत्याचा थोरला दीर होता." पात्राला त्यांनी एका दमात ओळखलं होतं. हे खरं घडलंय का, असं त्यांनी मला कधी विचारलं नाही.

९. शेजारी शेजारी

नोकरीच्या शेवटच्या काळात मी एक केलं. वर्गीकरणाचे आकडे तसेच ठेवून दर्शनी मांडणीत पुस्तकं जोडीने लावली. विश्वास पाटलांच्या 'पानिपत'शेजारी त्र्यं. शं. शेजवलकरांचं 'पानिपत : १७६१'. 'मृत्युंजय'शेजारी 'युगान्त'. 'छावा'शेजारी बेंद्रे. 'पण लक्षात कोण घेतो?'शेजारी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. कादंबरीच्या आतल्या पानावर चिठ्ठी चिकटवली: हे वाचून झाल्यावर अमुक पाहा, तमुक कपाटात. शेजवलकर वर्षानुवर्षं जागचे हलले नव्हते, ते फिरू लागले. नेणारे सगळे आधी कादंबरी वाचलेले. कादंबरीने भूक लावली होती, पुढचं ताट कुठे वाढलंय तेवढंच सांगायचं राहिलं होतं.

प्रकाशकांना आणि लेखकांना माझी विनंती आहे. वकिलासाठीची ती ओळ हवी तर ठेवा. पण ऐतिहासिक कादंबरीच्या शेवटी एक पान वाचकासाठी द्या. यातली कुठली पात्रं मी निर्माण केली, कुठला प्रसंग कागदात आहे, कुठला पोवाड्यात किंवा बखरीत आहे, कुठे तारखा मागेपुढे केल्या, आणि कुठलं पत्र जसंच्या तसं दिलं. संदर्भग्रंथांची यादी काही जण देतात, पण त्या यादीवरून अकरावीच्या मुलीला काही कळत नाही. त्या पानाने कादंबरीची जादू कमी होईल असं काही लेखक मला म्हणाले. वृषालीचं बारसं सावंतांनी केलं हे कळल्यावर त्या आजींनी नातीचं नाव बदललं नाही. 'मृत्युंजय' मात्र पुन्हा नेली.